हिरव्या पानातील दोन दप्तरे

गुलबक्षीचे झुडूप कोणाच्या परिचयाचे नाही? परंतु तिच्या एका प्रकारात काही फांद्या हिरव्या, काही अगदी पांढऱ्या आणि काही चट्ट्यापट्ट्यांच्या असतात. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल कॉरेन्स यांनी हा भेद हेरला. मेंडेलचे विस्मृत नियम १९०० साली पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी ते एक होत. पांढऱ्या फांदीवरील फुलाला हिरव्या फांदीचे पराग दिले तरी रोपे पांढरीच उगवत आणि अन्नावाचून मरत. हिरव्या फांदीवरील फुलाला मात्र पराग कोठलेही द्यावेत, संतती हिरवीच. पित्याचा वाटा येथे शून्य होता. मेंडेलच्या पुरस्कर्त्यानेच मेंडेलला न जुमानणारे उदाहरण १९०९ साली जगापुढे ठेवावे, हे त्यांच्या सचोटीला साजेसेच झाले. त्याच वर्षी एर्विन बाउर यांनी पेलार्गोनियमच्या पानांवरून त्याचा अर्थ अधिक अचूक लावला. पेशीतील हरितलवक, म्हणजे हिरवे रंगद्रव्य धारण करणारे सूक्ष्म कण, आपला वारसा आपणच वाहतात, असे त्यांचे म्हणणे होते. कॉरेन्स यांना हे पटले नव्हते.

हरितलवक नव्याने घडत नाहीत, जुन्यांच्या विभाजनानेच वाढतात, असे आन्द्रेआस शिम्पर यांनी १८८३ मध्येच सुचविले होते. ते मुळात स्वतंत्र जीव असावेत, अशी शंकाही त्यांनी बोलून दाखविली होती. आज ती शंका राहिलेली नाही. फार प्राचीन काळी एका पेशीने नीलहरित जीवाणू आत घेतला, त्याचेच हे वंशज. १९६२ साली हान्स रिस आणि वॉल्टर प्लाउट यांनी एका शैवलाच्या हरितलवकात डी.एन.ए.चे धागे दाखविले आणि बाउर यांच्या अनुमानाला साक्षात पुरावा मिळाला.

तर मग हरितलवक स्वतंत्र संस्थानच म्हणावयाचे काय? मक्याच्या रोपवाटिकेने याचे उत्तर ‘नाही’ असे दिले. तेथेही पांढरी रोपे निघत; पण ती मेंडेलच्या हिशेबाने, चारांत एक अशी, म्हणजे केंद्रकातील जनुकांच्या दोषाने. दाण्यातील शिधा असेपर्यंत ती वाढत आणि तो संपताच वाळून जात. पाहुण्याची बहुतेक जनुके काळाच्या ओघात यजमानाच्या केंद्रकात गेली आहेत. हरितलवकाच्या स्वतःच्या दप्तरात शंभर-सव्वाशे नोंदी उरल्या आहेत. त्याला लागणारी बाकीची दोन-तीन हजार प्रथिने बाहेरून येतात. त्यांतील कित्येक प्रथिनांचे काम, त्या उरलेल्या शंभर नोंदींच्या नकला तपासणे एवढेच आहे! संस्थानाचे दप्तर संस्थानात, पण ते वाचणारे कारकून मात्र बाहेरून नेमलेले.

हे कारकून काय करतात, हे कळायला दप्तर आधी वाचावे लागले. १९८६ साली जपानमध्ये दोन हरितलवकांचा समग्र आनुवंशिक मजकूर प्रसिद्ध झाला : नागोया येथे मासाहिरो सुगिउरा यांच्या गटाने तंबाखूचा आणि क्योटो येथे कानजी ओह्यामा यांच्या गटाने मार्शान्शिया या यकृतकाचा. तंबाखूच्या मजकुरात दीड लाखाहून अधिक अक्षरजोड्या होत्या. आता सारे हाती आले, असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु १९९१ साली फ्रायबुर्ग येथे हान्स क्योसेल यांच्या सहकाऱ्यांना मक्यात एक चमत्कारिक गोष्ट आढळली. प्रत्येक प्रथिनाच्या आरंभी ए-यू-जी ही तीन अक्षरे हवीत. एका जनुकात तेथे ए-सी-जी अशी अक्षरे होती. अशा नोंदीवरून प्रथिन तयार होऊ नये. पण जनुकावरून उतरविलेल्या आर.एन.ए.मध्ये पाहावे तो सी जाऊन तेथे यू आलेला! मूळ नोंद अशुद्ध आणि नक्कल शुद्ध, असा हा उलटा प्रकार होता.

ही दुरुस्ती करतो कोण? अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठात अ‍ॅलिस बार्कन यांनी मक्याची फिकी, मरणोन्मुख रोपे गोळा करून प्रत्येकात नेमके काय बिघडले हे शोधण्याचा चिकाटीचा मार्ग धरला. ‘सी.आर.पी.-१’ हे जनुक बिघडलेल्या रोपात काही लांब आर.एन.ए.चे योग्य तुकडे होत नसत. त्यांनी हे जनुक १९९९ मध्ये उलगडले. पुढल्याच वर्षी इयान स्मॉल आणि नेमो पीटर्स यांनी अशा प्रथिनांचे एक मोठे कुळ ओळखले. पस्तीस अ‍ॅमिनो आम्लांची एक घडी पुनःपुन्हा येते, हे या कुळाचे लक्षण. म्हणून त्याचे नाव पी.पी.आर. प्राण्यांत अशी प्रथिने मोजकी, तर अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील चिमुकल्या रोपात साडेचारशेच्या आसपास. दुरुस्तीचा थेट संबंध २००५ मध्ये जपानमध्येच जुळला : तोशिहारु शिकानाई यांच्या गटाने दाखविले की ‘सी.आर.आर.-४’ हे एक प्रथिन नसेल तर एका जनुकाच्या आरंभीचा सी तसाच राहतो.

या कुळातील ‘पी.पी.आर.-१०’ची रीत तर मोठी मौजेची आहे. ते काही कापत नाही, जोडत नाही. दोन जनुकांमधील ठरावीक जागी आर.एन.ए.वर घट्ट बसून राहते. आर.एन.ए. खाणारे विकर दोन्ही टोकांकडून खात येतात आणि त्याच्यापाशी येऊन थांबतात. संदेशाची हद्द अशी ठरते. शेताच्या बांधावरचा धोंडाही नांगर असाच थांबवितो. नेमकी जागा ओळखण्याचे रहस्य बार्कन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये उकलले : प्रत्येक घडी एकेक अक्षर पकडते आणि कोणते, हे घडीतील दोन अ‍ॅमिनो आम्लांवरून ठरते. बॉन येथील संशोधकांनी २०१९ मध्ये शेवाळातील असे एक प्रथिन जंतूच्या पेशीत घातले, तेव्हा त्या परक्या घरीही सीचा यू झाला. दुरुस्तीचे हत्यार प्रथिनाच्या शेपटाशीच होते.

मूळ नोंदच शुद्ध का केली गेली नाही, यावर अभ्यासकांत अद्याप वाद आहे. तंबाखूबरोबर १९८६ साली ज्याचा मजकूर वाचला गेला, त्या मार्शान्शियात ही अक्षरदुरुस्ती मुळीच होत नाही. त्याच्या पूर्वजांत ती होती, पुढे केव्हातरी ती सुटली. ओसाड भिंतींवर आणि ओल्या दगडांवर ते यकृतक तिच्यावाचून हिरवेगार पसरलेले असते.