प्रोटीन स्किमर : फेसाचे शास्त्र आणि पंपातील फेरबदल

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय घरात ठेवणे हा छंद खर्चिक आहेच, शिवाय तो शिस्तीचाही आहे. गोड्या पाण्यातील गोल्डफिश किंवा गप्पी थोडाफार हलगर्जीपणा सहन करतात. समुद्री मासे आणि समुद्रपुष्पासारखे जीव तो सहन करत नाहीत. माशांची विष्ठा, उरलेले खाद्य, मेलेले शेवाळ यांपासून पाण्यात विरघळणारी सेंद्रिय द्रव्ये सडण्यापूर्वीच बाहेर काढणारे उपकरण म्हणजे 'प्रोटीन स्किमर'. या उपकरणाचे यश त्याच्या नळकांड्यापेक्षा त्याच्या पंपावर अधिक अवलंबून असते. म्हणूनच जगभरातील हौशी मत्स्यपालक गेली अनेक वर्षे साध्या पंपांत फेरबदल करून स्किमरची क्षमता वाढवत आले आहेत. हे फेरबदल कोणते, ते का उपयोगी पडतात आणि त्यांत धोका कुठे आहे, हे पाहू.

फेस कसा काम करतो?

वादळी लाटांनंतर किनाऱ्यावर साचणारा पिवळसर फेस सर्वांनी पाहिला असेल. स्किमरमध्ये हीच क्रिया घडवून आणली जाते. प्रथिने, मेदाम्ले यांसारख्या अनेक सेंद्रिय रेणूंचे एक टोक पाण्याकडे ओढ घेणारे, तर दुसरे पाण्यापासून दूर पळणारे असते. असे रेणू हवेच्या बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटतात, बुडबुड्यासह वर चढतात आणि घट्ट फेसाच्या रूपाने वरच्या कपात जमा होतात. खाऱ्या पाण्यात बुडबुडे सहजासहजी एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे ते बारीक राहतात. गोड्या पाण्यात ते चटकन एकत्र येऊन मोठे होतात. त्यामुळे घरगुती स्किमर गोड्या पाण्यात फारसा उपयोगी पडत नाही.

बुडबुडा जितका बारीक, तितका एकूण पृष्ठभाग जास्त. एक लिटर हवा 1 मिलीमीटर व्यासाच्या बुडबुड्यांत विभागली, तर एकूण पृष्ठभाग 6 चौरस मीटर भरतो. व्यास निम्मा केला, तर तोच 12 चौरस मीटर होतो. शिवाय बारीक बुडबुडा सावकाश वर चढतो, म्हणजे पाण्याशी त्याचा संपर्क अधिक काळ टिकतो. मात्र बुडबुडे अतिसूक्ष्म झाले, तर ते वर न चढता परतीच्या पाण्याबरोबर टाकीत शिरतात. तात्पर्य, भरपूर हवा आणि ती योग्य इतकी बारीक करणे, हेच पंपाचे काम होय.

साधा पंप का अपुरा पडतो?

मत्स्यालयातील साध्या पंपाच्या चाकाला चार-सहा सपाट पाती असतात. ती पाणी ढकलण्यासाठी घडवलेली असतात. शोषण नळीतून हवा आत सोडली, की ती चाकाच्या मध्यभागी साचते, पंप खडखडतो आणि प्रवाह तुटतो. यावर पहिला उपाय निघाला तो 'नीडल व्हील' अर्थात सुईचाकाचा. यात पात्यांऐवजी तबकडीवर प्लॅस्टिकच्या बारीक काड्या उभ्या असतात. त्या हवेला झोडपून तिचे तुकडे करतात.

त्यापुढचे पाऊल म्हणजे 'मेश' अर्थात जाळीचे चाक. जमिनीची धूप रोखण्यासाठी वापरली जाणारी, नायलॉनच्या धाग्यांची गुंतवळ असलेली जाळी हौशी मंडळींनी पंपाच्या चाकावर बांधून पाहिली. काड्यांच्या तुलनेत जाळीला कितीतरी अधिक कडा असल्याने हवा अधिक बारीक होते आणि पंप जास्त हवा पचवू शकतो. पुढे कारखानदारांनीही ही कल्पना उचलली.

जाळीचे चाक तयार करताना

मूळ चाक बाजूला जपून ठेवावे आणि प्रयोग सुट्या मिळणाऱ्या दुसऱ्या चाकावर करावा. पाती तबकडीच्या पातळीपर्यंत कापून पृष्ठभाग घासून सपाट करावा. तबकडीला बारीक भोके पाडून जाळीचे गोल तुकडे नायलॉनच्या दोऱ्याने किंवा प्लॅस्टिकच्या केबल टायने घट्ट बांधावेत. झटपट चिकटणारा डिंक ठिसूळ असतो. त्यावर एकट्याने विसंबू नये. तांब्याची किंवा पितळेची तार मुळीच वापरू नये. तांब्याचा अंशही समुद्रातील अपृष्ठवंशीय जीवांना घातक ठरतो.

जाळी आणि पंपाचे कवच यांत सर्व बाजूंनी दोन-तीन मिलीमीटर मोकळी जागा ठेवावी. जाळी सर्वत्र सारखी कापली नाही, तर चाकाचा तोल जातो, आवाज वाढतो आणि सिरॅमिकचा दांडा व त्याच्या बुशिंग लवकर झिजतात. हवेची नळी व तिचे तोंड अरुंद असेल, तर उत्तम चाकही उपाशी राहते. तेव्हा नळी थोडी रुंद आणि शक्य तितकी आखूड ठेवावी.

खरी अडचण : पुन्हा सुरू होण्याची

या पंपांची मोटर 'सिंक्रोनस' प्रकारची असते. आत कायमचुंबकाचा रोटर असतो आणि त्याची गती विजेच्या वारंवारतेला बांधलेली असते. आपल्याकडील 50 हर्ट्झवर दोन ध्रुवांचा रोटर मिनिटाला 3000 फेरे घेतो, अमेरिकेत 60 हर्ट्झवर 3600. त्यामुळे अमेरिकी छांदिष्टांनी दिलेले हवेचे आकडे आपल्या पंपाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

असा रोटर भार वाढल्यावर सावकाश फिरत नाही. तो पूर्ण गतीने फिरतो, नाहीतर थांबतो. सुरू होताना तो मागेपुढे थरथरून गती पकडतो. यासाठीच चाक आणि चुंबक यांच्यात थोडी सैल जागा मुद्दाम ठेवलेली असते. ती चिकटवून बंद करू नये. जाळी जाड वा रुंद झाली, की फिरत असलेला पंप उत्तम चालतो, पण वीज जाऊन परत आली की सुरूच होत नाही. आपल्याकडे वीज अधूनमधून जाते. स्किमर पाण्यात प्राणवायूही मिसळत असतो. मध्यरात्री तो बंद पडला आणि टाकीत मासे दाटीने असतील, तर सकाळी ते पृष्ठभागावर धापा टाकताना किंवा मेलेले दिसू शकतात. म्हणून फेरबदलानंतर पंप बंद-चालू करून किमान वीस वेळा तपासावा. एकदाही अडखळला, तर जाळीचा एक थर कमी करावा.

मोजमाप आणि सुरक्षितता

फेस जास्त दिसतो म्हणजे सुधारणा झाली, असे नव्हे. हवा मोजण्याची घरगुती रीत सोपी आहे. एक लिटरची खूण केलेली बाटली बादलीतील पाण्यात उपडी धरावी, तिच्यातील हवेत पंपाच्या हवानळीचे टोक सोडावे आणि एक लिटर हवा शोषली जाण्यास लागणारा वेळ मोजावा. आतील पाणी चढेल तशी बाटली खाली दाबून आतले-बाहेरचे पाणी एका पातळीत ठेवावे. 12 सेकंद लागले, तर पंप ताशी 300 लिटर हवा घेतो. फेरबदलापूर्वी आणि नंतर, पाण्याची खोली तीच ठेवून हे मोजावे.

पंपाला हात लावण्यापूर्वी प्लग काढावा. मोटरचे रेझिनने बंद केलेले कवच कधीही उघडू नये आणि तिची केबल कापू नये. मत्स्यालयाच्या जोडणीला 30 मिलिअँपिअरचा गळती-विद्युत खंडक असणे आवश्यक आहे. फेरबदलाने पंपाची हमी बहुधा संपते, हेही ध्यानात ठेवावे.

अपेक्षा किती ठेवावी?

2009 साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी स्किमरची मोजणी करून दाखवले, की पाण्यातील एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण 20 ते 35 टक्केच भाग स्किमर काढू शकतो. उरलेले रेणू बुडबुड्याला चिकटतच नाहीत. याचा अर्थ स्किमर निरुपयोगी असा नाही. पंप कितीही सुधारला, तरी पाणी बदलणे, मोजके खाद्य घालणे आणि माशांची गर्दी टाळणे यांना पर्याय नाही, इतकाच त्याचा अर्थ. आता सुईचाकाचे तयार पंप आणि गती कमी-जास्त करता येणारे डीसी पंप बाजारात मिळतात. ज्याला हत्यारे हाताळण्याची सवय नाही, त्याने तोच मार्ग धरावा. ज्याला ती आहे, त्याने मूळ चाक मात्र हाताशी ठेवावे. प्रयोग फसला, तर त्याच रात्री टाकीतील जीव वाचवणारे तेच असते.