जंजिऱ्यावर विचारलेला प्रश्न

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसल्यावर जंजिऱ्याचा दरवाजा दिसतच नाही. दिसतो तो नुसता पाण्यातून उभा राहिलेला तट. होडी अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या आडचा महादरवाजा एकदम समोर येतो. ‘जंजिरा’ म्हणजे अरबी ‘जझीरा’, बेट, हे आम्ही आमच्या उर्दू शाळेच्या वर्गात शिकवले होते. मुलांना ते पटले होडीत बसल्यावर.

आत कलालबांगडी तोफ पाहिली, चारी बाजूंना खारा समुद्र असूनही गोड्या पाण्याचा तलाव पाहिला. शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज यांनाही हा किल्ला घेता आला नाही, हे ऐकून सातवीतल्या एका मुलाने हळूच विचारले, “सर, मग आपण कुणाच्या बाजूचे?”

प्रश्न साधा नव्हता. तलावाच्या काठी बसून आम्ही त्याला इतिहासच सांगितला.

सिद्दी हे मूळचे आफ्रिकेतले, हबशी. जंजिऱ्याचे सिद्दी आधी निजामशाहीचे, मग आदिलशाहीचे चाकर होते. 1670 च्या सुमारास सिद्दी फत्तेखान किल्ला महाराजांच्या हवाली करायला निघाला, तेव्हा त्याच्याच सरदारांनी त्याला कैद केले आणि मोगलांचा आश्रय घेतला. त्यानंतर सिद्द्यांनी स्वराज्याच्या किनाऱ्यावरची गावे लुटली, जाळली. ते झाकून ठेवण्याचे आम्हाला कारण नाही.

पण याच समुद्रात थोडे उत्तरेला, थळच्या समोर, खांदेरीचे बेट आहे. 1679 मध्ये महाराजांच्या हुकुमाने मायनाक भंडारी तिथे तट बांधू लागला. मुंबईच्या इंग्रजांनी वेढा घातला, पाठोपाठ सिद्दी कासम त्यांना सामील झाला. तेव्हा महाराजांच्या आरमाराचा सरदार कोण होता? दौलतखान! खांदेरी टिकली. सिद्द्याने 1680 मध्ये शेजारची उंदेरी बळकावली, आणि दौलतखान तिच्यावरही चालून गेला. 1682 मध्ये तर संभाजी महाराजांच्या गलबतांचा सरदार सिद्दी मिस्री होता. म्हणजे सिद्द्यासमोर सिद्दीच उभा! त्या लढाईत तो कासमकडून हरला आणि जखमांनी मेला.

दुसरी बाजूही आहे. पेशवे झालेल्या बाळाजी विश्वनाथांचे भट घराणे श्रीवर्धनचे देशमुख होते, आणि तो मुलूख सिद्द्याच्या अमलाखाली होता.

माणसे ज्याचे मीठ खात, त्याच्यासाठी लढत. त्या लढायांना आजच्या आपल्या भांडणांची नावे चिकटवली की दौलतखान कुठेच बसत नाही, मिस्रीही बसत नाही. मग आपण त्यांना विसरूनच जातो.

1948 मध्ये जंजिरा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. खांदेरीचे नाव 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. दोन्ही बेटे आपल्याच रायगड जिल्ह्यात आहेत.

परतताना मुरूडसमोरच्या कासा खडकावरचा, महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग आम्ही मुलांना दाखवला. त्या मुलाने विचारले, “सर, खांदेरीला कधी जायचे?”

पुढची सहल तिथलीच ठरवली आहे. दौलतखानाचे नाव मात्र आम्ही दुसऱ्याच दिवशी फळ्यावर लिहिले, उर्दूत आणि मराठीतही.