दुसरी टीम, दुसरी इनिंग

मे महिन्यात हेदवीला गेलं की दोन गोष्टी ठरलेल्या. सकाळी दशभुज गणपतीचं दर्शन आणि दुपारनंतर कुठल्यातरी वाडीची टेनिस बॉल टूर्नामेंट. भात काढून मोकळ्या झालेल्या मळ्यात पिच, एका बाजूला मांडव, आणि लाऊडस्पीकरवर न थकणारा कॉमेंटेटर. यंदा एका मॅचला शेजारच्या वाडीकडून एक पोरगा खेळत होता. मूळचा तो ह्याच वाडीतला, पण टीममध्ये घेतला नाही म्हणून तिकडे गेलेला. त्याने दोन सिक्स मारल्यावर माझ्या बाजूला बसलेले एक काका म्हणाले, "आपणच घालवला ना त्याला, आता भोगा!"

तर ह्या वाक्यावरून आजचा लेख. घरच्या टीमने नाही म्हटलं, दुसऱ्या टीमने हो म्हटलं, तर पुढे काय होतं?

कॅनडा-अमेरिकेतल्या हॉकी लीगमध्ये ही रोजची गोष्ट आहे. होतकरू पोरगा एका क्लबमध्ये चमकला नाही की त्याची अदलाबदल होते, आणि नव्या गावात त्याची पाटी कोरी. आपल्याकडच्या रणजी क्रिकेटमध्ये असा सौदा नसतो. इथे मूळ असोसिएशनकडून ना हरकत दाखला घ्यायचा आणि नव्या राज्याकडून 'बाहेरचा खेळाडू' म्हणून उतरायचं. दाखला मिळतो, पण 'बाहेरचा' हा शिक्का बसतो तो बसतोच.

पूर्वी असं नव्हतं बरं का. संस्थानांच्या काळात खेळाडू नोकरीच्या मागे जायचा. सांगलीच्या विजय हजारेंनी १९३९-४० च्या मोसमात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ ठोकल्या, आणि पुढे त्याच बडोद्याकडून ते वर्षानुवर्षं खेळले! १९४७ च्या रणजी फायनलला गुल महंमदबरोबर ५७७ धावांची भागीदारी केली ती बडोद्यासाठीच. भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ मध्ये पुण्याला महाराष्ट्राकडून नाबाद ४४३ केल्या, पण ते बडोदा, होळकर, रेल्वे, राजस्थान अशा किती संघांकडून खेळले. कसोटी मात्र एकही नाही. म्हणजे नवी टीम मिळाली की हवं ते मिळतंच असं नाही, हे तेव्हापासूनचं.

आता अमोल मुझुमदार. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्ड. शारदाश्रमकडून सचिन आणि विनोद कांबळी ६६४ धावांची नाबाद भागीदारी करत होते, आणि पुढचा बॅट्समन पॅड बांधून बसला होता. तो हा अमोल. त्याची बॅटिंग आलीच नाही. (ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेलीय की त्याची पूर्ण कारकीर्द त्या एका बाकड्यावरच गेली असं वाटावं.)

पण तसं नव्हतं. १९९३-९४ च्या मोसमात एकोणीस वर्षांच्या ह्या पोराने फरीदाबादला हरयाणाविरुद्ध रणजी पदार्पणात २६० केल्या. प्रथम श्रेणी पदार्पणातला तो तेव्हाचा जागतिक विक्रम, आणि तो २०१८ पर्यंत टिकला. 'दुसरा सचिन' म्हणून बोलबाला झाला. पण भारताच्या मधल्या फळीत द्रविड, सचिन, गांगुली, लक्ष्मण ठाण मांडून बसलेले. दार उघडलंच नाही. २००६-०७ मध्ये त्याच्या कॅप्टनशिपखाली मुंबईने पहिल्या तिन्ही मॅच हरून शेवटी रणजी करंडक जिंकला. (हे 'पहिल्या तीन' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

आणि २००९ मध्ये त्याने मुंबई सोडली. गेला कुठे, तर आसामला! ज्या संघाने एवढे करंडक जिंकले तो सोडून जिथे एकही नाही अशा संघात. नंतर आंध्र. २०१४ मध्ये निवृत्त झाला तेव्हा प्रथम श्रेणीच्या १७१ सामन्यांत ११,१६७ धावा, ३० शतकं. आणि भारताची टोपी? शून्य. काकांचं 'आता भोगा' इथे लागू पडत नाही. मुंबई त्याच्यानंतरही जिंकतच राहिली. आसाम-आंध्रला जाऊन त्याला टोपी मिळाली नाही, खेळत राहायला मिळालं. एवढंच.

मग दुसरा चान्स कुठला? मला वाटतं, तो बॅट्समनला मिळालाच नाही, कोचला मिळाला. २०२१ मध्ये तो मुंबईचा कोच झाला. जून २०२२ ला बंगळूरला रणजी फायनल, मुंबई विरुद्ध मध्य प्रदेश. समोरच्या संघाचा कोच कोण? चंद्रकांत पंडित. तेही मूळचे मुंबईचे, तेही बाहेर गेलेले. ह्याच मैदानावर १९९८-९९ ची फायनल ते मध्य प्रदेशचे कॅप्टन म्हणून कर्नाटकाकडून हरले होते. २३ वर्षांनी त्यांच्या संघाने करंडक उचलला, आणि अमोलची मुंबई हरली. घर सोडून गेलेले दोन मुंबईकर, आणि एकाच वेळी एकाचीच पाळी!

दुसऱ्याची पाळी यायला अजून तीन वर्षं लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो भारतीय महिला संघाचा मुख्य कोच झाला. २०२५ च्या विश्वचषकात साखळीत दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, लागोपाठ तीन पराभव. (आठवलं ना 'पहिल्या तीन'?) जेमिमा रॉड्रिग्जला इंग्लंडविरुद्ध बसवलं होतं. ती परत आली आणि सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ चा पाठलाग करताना नाबाद १२७ करून गेली. शफाली वर्मा तर मूळ संघातच नव्हती. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून आली आणि २ नोव्हेंबरला नवी मुंबईत फायनलला ८७ धावा आणि २ विकेट. दक्षिण आफ्रिका ५२ धावांनी हरली. सामना संपल्यावर हरमनप्रीत अमोलच्या पाया पडली.

टीम निवडणं एकट्या कोचच्या हातात नसतं, मान्य. पण बाहेर बसवलेली पोरगी परत येते तेव्हा तिच्याशी काय बोलायचं, हे पॅड बांधून बसलेल्या माणसाइतकं कोणाला कळणार?

आम्हा आयटीवाल्यांना कंपनी बदलली की वाटतं जुनीला दाखवून देऊ. खरं तर जुनी कंपनी आपल्याला कधीच विसरलेली असते. नव्या ठिकाणी आपलं जे काही उपयोगी पडतं त्यावरच पुढचा हिशोब चालतो. आणि तो हिशोब जुळायला कधीकधी सोळा वर्षं लागतात.

असो. त्या मॅचमध्ये शेजारची वाडी हरलीच. तो पोरगा बॅट खांद्यावर टाकून आमच्याच वाडीतल्या मित्राच्या बाईकवर मागे बसून घरी गेला. पुढच्या मे महिन्यात तो कुठून खेळतो ते बघू.