सायकलस्वारीतील आनंद : एक सामाजिक-ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

सायकल हे वाहन इतिहासलेखनात प्रामुख्याने कारखानदारी, वाहतूक आणि श्रमिकांचे साधन या अंगांनी येते. किती सायकली तयार झाल्या, किती आयात झाल्या, कोणत्या उद्योगाने त्यातून भांडवल उभे केले यांच्या नोंदी सापडतात व त्यांवर लेखनही झालेले आहे. परंतु माणसे सायकल केवळ गरजेपोटी चालवीत आलेली नाहीत. ती चालविण्यात त्यांना आनंद वाटत आला आहे, या बाबीकडे तुलनेने कमी लक्ष गेले. आनंदाची नोंद दप्तरात होत नाही, हे त्याचे एक कारण असावे. प्रस्तुत लेखात हा आनंद कशातून निर्माण होतो, तो केव्हा शक्य झाला आणि कोणाच्या वाट्याला आला, याचा मागोवा घेतला आहे.

यंत्र आणि शरीर

इ.स. १८१७ मध्ये जर्मनीतील मॅनहाइम येथे कार्ल ड्राइस याने दोन चाकांचे, पायडल नसलेले वाहन चालवून दाखविले. स्वाराने जमिनीवर पाय मारीत पुढे जावयाचे, अशी त्याची रचना होती. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढील चाकाला पायडल बसविले गेले. लोखंडी धाव बसविलेली लाकडी चाके दगडी रस्त्यावरून जाताना अंग इतके हादरे खात असे, की इंग्रजांनी या वाहनाला ‘हाडे खिळखिळी करणारे’ असेच नाव दिले. त्यानंतर आलेल्या उंच चाकाच्या सायकलीने वेग दिला, पण तोल गेल्यास स्वार डोक्यावर आपटत असे. साहजिकच ही सायकल धाडसी, सुस्थितीतील तरुण पुरुषांपुरती राहिली. तिच्यात आनंद नव्हता असे नाही. तो साहसाचा आनंद होता.

सर्वसामान्यांना मोकळेपणाने घेता येईल असा आनंद यंत्रात पुढील काही बदल झाल्यावरच शक्य झाला. १८८५ मध्ये जॉन केंप स्टार्ली याने जवळजवळ समान चाकांची, साखळीने मागील चाक फिरविणारी ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीला हादरे बसू नयेत, एवढाच त्याचा मूळ हेतू होता. अशाच टायरचे पेटंट रॉबर्ट थॉमसन याने १८४५ मध्ये घेतले होते. तथापि ते वापरावयास योग्य वाहनच तेव्हा अस्तित्वात नसल्याने ते विस्मृतीत गेले. शतकाच्या अखेरीस फ्रीव्हील रुळले आणि उतारावर पाय स्थिर ठेवून, वारा अंगावर घेत जाणे शक्य झाले. सायकलस्वारीचे सुख म्हणून आज ज्याचा निर्देश होतो, त्यातील मोठा भाग अवघ्या पंधरा वर्षांत घडलेला आहे.

या सुखाला शारीरिक आधारही आहे. एस. एस. विल्सन यांनी १९७३ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या नियतकालिकात मांडलेल्या हिशेबानुसार सायकलस्वाराला तेवढेच अंतर चालून जाण्याच्या मानाने सुमारे एक-पंचमांश शक्ती लागते. चालणारा माणूस तासाला पाच किलोमीटर जातो. तितक्याच श्रमात सायकलवर तो पंधरा किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. वेग परका नसतो, तो स्वतःच्या पायांचा असतो. मोटारीतील वेगाहून त्याचे समाधान वेगळे आहे ते यामुळेच. तोलाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. मायकेल पोलान्यी यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पर्सनल नॉलेज’ या ग्रंथात, सायकलस्वार तोल सांभाळतो पण कसा सांभाळतो हे त्याला सांगता येत नाही, हे उदाहरण ज्ञानमीमांसेसाठी वापरले. सुटी सायकल सरळ का धावते, याची प्रचलित उपपत्ती अपुरी असल्याचे तर २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील संशोधनाने दाखविले. न उमगणारी गोष्ट अंगाला मात्र साधते, याचा विस्मय पहिल्यांदा सायकल शिकणाऱ्या प्रत्येकाला वाटत असावा.

स्त्रिया आणि सायकल

१८९० च्या दशकात युरोप व अमेरिकेत सायकलीची लाट आली, तेव्हा सर्वाधिक वाद झाला तो स्त्रियांच्या सायकल चालविण्यावर. काही डॉक्टरांनी ‘सायकल-चेहरा’ नावाचा विकार होतो असे प्रतिपादन केले. स्त्रियांनी घट्ट कपड्यांऐवजी सैल विजारी घालाव्यात की नाही, यावर वृत्तपत्रांचे रकाने भरले. अमेरिकेतील मद्यपानबंदी चळवळीच्या नेत्या फ्रान्सिस विलार्ड यांनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकून त्यावर १८९५ मध्ये पुस्तक लिहिले. सुझन अँथनी यांनी १८९६ मध्ये, स्त्रियांच्या मुक्तीसाठी सायकलीने जितके केले तितके अन्य कशानेही केले नाही, अशा आशयाचे मत व्यक्त केले. १८९७ च्या मे महिन्यात केंब्रिज येथे स्त्रियांना पदव्या देण्याच्या ठरावाविरुद्ध पुरुष विद्यार्थ्यांनी निदर्शने केली, तेव्हा त्यांनी सायकलवर बसलेल्या स्त्रीचा पुतळा रस्त्यावर टांगला होता. पदवी आणि सायकल या दोन गोष्टी विरोधकांच्या मनात एकाच धोक्याची रूपे होती, हे त्यातून स्पष्ट होते. विरोधकांचे निदान येथे समर्थकांइतकेच अचूक म्हणावे लागेल.

मुंबई आणि पुणे

मुंबईत सायकलीच्या आनंदाने दूरच्या प्रवासाचे रूप घेतले. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण जगप्रवासास निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटरचा प्रवास पूर्ण करून १८ मार्च १९२८ रोजी परतले. वाळवंटे आणि डोंगर ओलांडताना त्यांनी सोसलेले हाल पाहता ‘आनंद’ हा शब्द येथे अपुरा वाटतो. परंतु कोणत्याही व्यापारी लाभाशिवाय साडेचार वर्षे पायडल मारण्याची प्रेरणा केवळ कर्तव्यातून येत नाही.

पुण्याचे चित्र निराळे होते. पेठांतील अरुंद रस्ते, मध्यम अंतरे, महाविद्यालये, सरकारी कचेऱ्या आणि खडकीचे दारूगोळा कारखाने यांमुळे विसाव्या शतकाच्या मध्यास हे ‘सायकलींचे शहर’ म्हणून ओळखले जाऊ लागले. नगरपालिकेचा बिल्ला, रात्रीचा दिवा आणि डबलसीटला मनाई या तिन्हींवरून पोलिसांशी होणारी लपाछपी हा अनेकांच्या आठवणींचा भाग आहे. मुले तासाच्या भाड्याने सायकल घेत आणि उंची पुरत नसल्यास मधल्या दांड्याखालून पाय घालून शिकत. घरच्यांच्या नजरेआड एक तास स्वतःच्या मर्जीने कोठेही जाता येणे, याचे मोल त्या भाड्याहून बरेच अधिक होते.

पुढे स्कूटर व मोटारसायकल आली आणि सायकल ही ज्याला दुसरे वाहन परवडत नाही त्याची खूण ठरली. एकविसाव्या शतकात तीच सायकल गिअर व शिरस्त्राणासह रविवारचा छंद म्हणून परत आली. दूधवाला किंवा वृत्तपत्र टाकणारा मुलगा पहाटे तितकेच पायडल मारतो; त्याला मात्र कोणी छंद म्हणत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. एवढ्या मोठ्या समूहाच्या सायकलस्वारीत केवळ नाइलाज पाहणे, ही अभ्यासकांची सोय आहे, वस्तुस्थिती नव्हे.

पुदुक्कोट्टैचा अनुभव

या दृष्टीने तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्याचे उदाहरण विशेष महत्त्वाचे आहे. १९९१ मध्ये तेथे ‘अरिवोली इयक्कम’ ही साक्षरता मोहीम सुरू झाली. तत्कालीन जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकणे हा तिचाच भाग केला. कार्यकर्त्या स्त्रियांना गावोगावी जाता यावे, हा तात्कालिक हेतू होता. पण लवकरच शेतमजूर, खाणींत दगड फोडणाऱ्या स्त्रिया, अंगणवाडी सेविका व शिक्षिका मोठ्या संख्येने शिकू लागल्या. १९९२ च्या आंतरराष्ट्रीय महिला दिनानंतर जिल्ह्याचे रूप पालटले. पी. साईनाथ यांनी या घडामोडीचा वृत्तांत लिहिला. त्यानुसार जिल्ह्यातील एक लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रिया सायकल चालवू लागल्या. शिकावयास येणाऱ्या स्त्रिया ठेवणीतले कपडे घालून येत, हा त्यातील तपशील लहान असला तरी बोलका आहे. कामासाठी निघालेली बाई ठेवणीतले लुगडे नेसत नाही. सणाला निघालेली नेसते.

आर्थिक लाभ उघड होता. बसची वाट पाहण्यात जाणारा वेळ वाचला, माल अधिक गावांत विकता आला, पाणी आणणे सोपे झाले. तरीही स्त्रियांनी सर्वाधिक भर दिला तो आत्मसन्मानावर आणि कोणावर अवलंबून न राहता जाता येण्यावर. पुरुषांनी टोमणे मारले, त्यांना उत्तरेही मिळाली. स्त्रियांसाठीच्या सायकलींचा तुटवडा पडला, तेव्हा त्यांनी पुरुषी सायकली वापरल्या. पुढे काहींनी त्याच पसंत केल्या, कारण मधल्या दांड्यावर मूल बसविता येत असे. केंब्रिजमध्ये ज्या प्रतिमेचा पुतळा टांगला गेला, तीच येथे शासकीय मोहिमेच्या मिरवणुकीत अग्रभागी होती.

२००६ मध्ये बिहार सरकारने नववीतील मुलींना सायकल घेण्यासाठी रक्कम देण्यास प्रारंभ केला. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश यांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार योग्य वयात माध्यमिक शाळेत प्रवेश घेणाऱ्या मुलींचे प्रमाण या योजनेमुळे ३२ टक्क्यांनी वाढले, आणि वाढ प्रामुख्याने शाळेपासून तीन किंवा अधिक किलोमीटर दूर असलेल्या गावांत दिसून आली. सुटीच्या दिवशी त्या सायकली कोठे जात होत्या, यासाठी अशा पाहण्यांत रकाना नसतो.