कळंब्यातल्या जुन्या भिंतींनी सिमेंट कधी पांघरलं?

  

कोल्हापुरातून गारगोटी रोडनं दक्षिणेला निघालं की कळंबा लागतं. कळंबा म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे जेल, आणि दुसरा संस्थानकाळातला तलाव, ज्यानं एकेकाळी अख्ख्या शहराला पाणी पाजलं. आज मात्र आपण घरांबद्दल बोलणार आहोत. इथे नव्या अपार्टमेंटच्या मधेमधे अजूनही जुनी विटांची घरं दिसतात. काळ्या दगडाचं जोतं, हातभर जाड भिंती, पुढे सोपा, मागे परडं, वर मंगलोरी कौलं.

अशा घरांमधे सध्या एक चर्चा हमखास असते. "बाहेरून जरा नवं करून घेऊया की!" मग कुणीतरी सल्ला देतं, जुनं सगळं खरवडा, सिमेंटचा गिलावा मारा, वर एक्स्टिरिअर पेंट द्या, दहा वर्षं बघायला नको. दिसायला भारी दिसतं, पण त्यामुळे भिंत आतून खराब होऊ शकते. का ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

आपल्याकडे वीट काही नवी नाही. पुण्याचा शनिवारवाडा घ्या. 1730 साली पाया घातला, 1732 साली वास्तुशांत झाली. त्याच्या तटाकडे नीट बघा, खाली दगड आहे आणि वर वीट. 1828 च्या आगीत आतले लाकडी महाल जळाले, पण तट आजही उभा आहे. त्या काळात विटा जोडायला काय होतं? मोठ्या कामाला चुना आणि साध्या घराला माती.

चुना बनवणं म्हणजे मोठा खटाटोप. चुनखडी भट्टीत साधारण 900 अंशांवर भाजायची. मग पाणी घालून ती विरवायची. मग वाळू मिसळून घाणीत मळायची. घाणी म्हणजे गोल चर आणि त्यात बैलानं ओढायचं दगडी चाक. सह्याद्रीतल्या कितीतरी किल्ल्यांवर ही चाकं आजही पडलेली दिसतात. पुढच्या ट्रेकला बघा, त्याच्यासोबत सेल्फी काढणारे बरेच असतात, पण ते काय आहे हे फार कमी जणांना माहीत असतं.

या चुन्याचे दोन गुण लक्षात ठेवा. एक, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत हळूहळू घट्ट होतो. दोन, घट्ट झाला तरी त्यात बारीक छिद्रं राहतात. म्हणजे भिंतीत पाणी शिरलं तरी उन्हात वाफ होऊन बाहेर पडतं. जुनी माणसं दिवाळीआधी भिंतीला चुन्याची सफेदी द्यायची, ती फक्त सजावट नव्हती. ती भिंतीची वर्षाची सर्व्हिसिंग होती!

आता कोल्हापूरकडे येऊ. 1877 ते 1884 या काळात नवा राजवाडा उभा राहिला. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, बांधकाम काळ्या घोटीव दगडाचं. म्हणजे ज्याच्याकडे पैसा, तो दगड दाखवायचा. 1891 साली मिरजेहून रेल्वे कोल्हापुरात आली आणि बाहेरचा कारखान्याचा माल आणणं सोपं झालं. मंगलोरी कौलांचा कारखाना बासेल मिशननं मंगळूरमधे 1865 सालीच काढला होता. हळूहळू ही कौलं आपल्या गावांच्या ओळखीचाच भाग झाली. गंमत बघा, आज आपण ज्याला "अस्सल गावाकडचं घर" म्हणतो, त्याचं छप्परही एके काळी नवीन फॅशन होतं. त्यामुळे घरात बदल करणं म्हणजे परंपरा मोडणं, असं अजिबात नाही. घरं कायमच बदलत आलीत.

मग सिमेंट कधी आलं? पोर्टलंड सिमेंटचं पेटंट इंग्लंडमधे जोसेफ अ‍ॅस्पडिननं 1824 साली घेतलं. भारतात पोरबंदरच्या कारखान्यात 1914 साली उत्पादन सुरू झालं. पण स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं सिमेंट सहज मिळत नव्हतं. किंमत सरकार ठरवायचं, वाटप परमिटवर. हा विषय किती तापलेला होता बघा. सिमेंट वाटपाच्या प्रकरणात हायकोर्टाच्या निकालानंतर 1982 च्या जानेवारीत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षी नियंत्रण थोडं सैल झालं आणि 1989 साली पूर्ण उठलं.

जी गोष्ट परमिटशिवाय मिळत नाही, ती भिंतीवर दिसली की घराचा मान वाढणारच. "सिमेंटचं घर" म्हणजे पक्कं घर, प्रगती केलेलं घर. ज्यांनी आयुष्यभर शेणामातीनं भिंती सारवल्या, त्यांना सिमेंट हवं वाटलं यात चूक काहीच नाही. दर वर्षीच्या त्या कष्टांतून सुटका होती ती, आणि ते कष्ट बहुतेक घरातल्या बायकांच्या वाट्याचे होते.

अडचण एवढीच की सिमेंट कडक आणि चुन्यापेक्षा खूप घट्ट असतं. जुन्या भिंतींना बहुतेक वेळा खाली ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी वर चढतं. आपल्याकडचा पाऊस तर तुम्हाला माहीतच आहे, वर्षाला साधारण 1000 मिलिमीटर. पूर्वी ही ओल चुन्यातून निघून जायची. आता पुढे सिमेंट, त्यावर प्लास्टिकसारखा रंग. ओल आतच अडकते. पाण्यातलं मीठ गिलाव्याच्या मागे साचतं, भिंतीला लोणा लागतो. मग एक दिवस गिलाव्याचा अख्खा पापुद्रा निघतो आणि सोबत विटेचा चेहराही घेऊन येतो. लोक काय करतात? परत सिमेंट मारतात!

मग करायचं काय? आधी आपली भिंत कशाची आहे ते ओळखा. विटांमधली दरज किल्लीनं हलकेच खरवडा. पांढरी भुकटी निघाली तर चुना. तपकिरी भुगा निघाला तर माती. करडी आणि किल्लीला दाद न देणारी असेल तर सिमेंट. सिमेंटमधे बांधलेल्या घराला सिमेंटचा गिलावा चालतो. चुना किंवा माती असेल तर थांबा.

पहिला खर्च रंगावर नको, पाण्यावर करा. फुटकी कौलं बदला, पन्हळ लावा, जोत्याजवळचं पाणी लांब काढून द्या. मग गिलाव्यावर बोटानं ठोका. पोकळ आवाज आला तेवढाच भाग काढा. पोकळ दरजा चुन्यानं भरा, वरून चुन्याचा पातळ गिलावा आणि सफेदी. पांढरा नको असेल तर गेरू मिसळा. काम पावसाळा संपल्यावर करा, आणि नवा चुना काही दिवस ओलसर ठेवा, भर उन्हात सुकू देऊ नका. भिंत कललेली असेल किंवा मोठी भेग असेल तर मात्र आधी इंजिनिअरला दाखवा.

याला वेळ लागतो, चुन्याचं काम जाणणारा गवंडीही शोधावा लागतो. सफेदी पुन्हापुन्हा द्यावी लागते, हेही खरं. पण विटेचा चेहरा एकदा गेला की तो परत आणता येत नाही.

आणि शेवटी एक गंमत. सध्या बाजारात विटेचं डिझाइन असलेल्या टाइल्स जोरात आहेत. काही घरांत आत खरी शंभर वर्षांची वीट, मधे सिमेंट आणि वर विटेचं चित्र! कुणाच्या घरी असा बेत शिजत असेल, तर हा भाग त्यांना आजच पाठवा.

भेटूया पुढच्या भागात. तोवर घरातल्या मोठ्यांना एक प्रश्न नक्की विचारा, आपली भिंत कशात बांधलीय?