उरलेले अध्याय

आमच्या घरात मरणाविषयी बोलताना कुणी आवाज खाली करत नसे. संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना आटोपली की थोरली आत्या भिंतीला टेकून बसायची, पाय लांब करायची आणि गेलेल्या माणसांच्या गोष्टी काढायची. शेजारच्या गावी मुक्कामाला गेलेल्यांबद्दल बोलावं तशी ती बोलायची. मांडीवर केडगावचं जाडजूड पवित्र शास्त्र असायचं. त्याच्या सुरुवातीच्या कोऱ्या पानांवर घरातले जन्म, बाप्तिस्मे, लग्नं आणि मृत्यू अशा सगळ्या नोंदी एकाखाली एक. मृत्यूच्या नोंदीत 'प्रभूत निजली', 'प्रभूत निजला' एवढंच लिहिलेलं. एकदा पानावरून बोट फिरवत ती म्हणाली, "खाली जागा आहे बघ अजून. माझं मावेल." आणि लगेच पुढची गोष्ट सुरू केली.

गोष्टींची सुरुवात ठरलेली असे, १८९६-९७ च्या दुष्काळापासून. माझी पणजी मध्यप्रांतातली. गावाचं नाव तिला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. वाळलेली नदी आणि रस्त्याकडेला बसून राहिलेली माणसं तेवढी तिला आठवत. पंडिता रमाबाई त्या दुष्काळात मध्यप्रांतात फिरल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. त्या मुलींत पणजी होती. रमाबाईंनी भूक वाचून ओळखलेली नव्हती. त्यांचे आईवडील आणि बहीण त्यांच्या तरुणपणीच्या दुष्काळातल्या वणवणीत गेले होते. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता, इतक्या मुलींना तिथे ठेवणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांना पुणे-दौंड रस्त्यावरच्या केडगावच्या माळावर नेलं. आधी झोपड्या झाल्या, मग विहिरी, मग दगडी इमारती. त्यातून मुक्तिसदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतल्या मुलीही आल्या आणि तिथली संख्या सुमारे २००० वर गेली.

आत्या या गोष्टीची अवघड बाजू गाळत नसे. रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन ही मुली-विधवांची शाळा काढली तेव्हा धर्माच्या बाबतीत कुणावर जबरदस्ती होणार नाही असा शब्द दिला होता. पुढे सदन पुण्याला आल्यावर मुली त्यांच्या खोलीतल्या प्रार्थनेला येऊन बसू लागल्या आणि १८९३ मध्ये मोठं वादळ उठलं. पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं असं की मी कुणाला बोलावत नाही, पण माझ्या खोलीचं दार मी लावूनही घेणार नाही. मला दोन्ही बाजूंचं दुःख कळतं. मुलगी सासरमाहेरच्या धर्माला मुकेल ही आईबापांची धास्ती खोटी नव्हती. आणि ज्या बाईला आपला प्रभू जिवापेक्षा प्यारा आहे तिने तो लपवून जगावं, ही अपेक्षाही पुरी होण्यासारखी नव्हती. दुष्काळातल्या मुलींना तर आईबापच उरले नव्हते, त्यामुळे तिथे विचारायचं कुणाला, हा प्रश्न मनात येतोच. पणजीने त्याला एकच उत्तर दिलं होतं. तिला आधी पेज मिळाली, मग अंथरूण, मग पाटी, आणि प्रभूचं नाव तिने स्वतः विचारून घेतलं, बऱ्याच उशिरा.

पाटीनंतर ती छापखान्यात गेली. मुक्तिसदनात बायकांनी चालवलेला छापखाना होता. जुळणी, छपाई, बांधणी सगळं बायकाच करत. पणजी खिळे जुळवायला शिकली. लाकडी पेटीचे बारीक बारीक कप्पे, त्यांत शिशाचे खिळे. बाराखडीचे वेगळे, जोडाक्षरांचे वेगळे. अक्षर खिळ्यावर उलटं असतं, ते डोळ्यांनी सुलटं करून वाचायचं. डाव्या हातात पट्टी, उजव्या हाताने न बघता नेमका कप्पा गाठायचा. काम झालं की जेवायच्या आधी हात राखेने घासून धुवायचे, कारण शिशाचा काळा थर नुसत्या पाण्याने जात नसे. आत्याला हे सगळं ऐकून इतकं पाठ होतं की ती सांगताना हात तसेच हलवून दाखवायची. पणजीने जुळवलेल्या शुभवर्तमानांच्या प्रती गाठोड्यांनी बाहेर जात. एक वेलांटी चुकली तर ती सगळी ओळ काढायची. का, असं आत्याने लहानपणी विचारलं तेव्हा पणजी म्हणाली होती, "वाचणारी बाई तिथं अडखळंल, आन मी काय तिच्याजवळ बसलेली नसणार."

तिकडे रमाबाई अख्ख्या पवित्र शास्त्राचं भाषांतर करत होत्या. इब्री आणि ग्रीक त्यांनी त्यासाठीच अभ्यासली. खेड्यातल्या, नुकत्याच अक्षर ओळखू लागलेल्या बाईला कळेल असं सोपं मराठी शास्त्र हवं, हा त्यांचा ध्यास. दीड दशकाहून जास्त काळ हे काम चाललं. कान जवळजवळ गेलेले, प्रकृती खालावलेली. आणि २४ जुलै १९२१ रोजी त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा मिरजेच्या दवाखान्यात गेली. संस्था जिच्या हाती सोपवायची तीच आधी गेली.

इथे आत्या थोडं थांबायची. मलाही इथे थांबावंसं वाटतं. परलोकावर ज्याचा खरोखर भरवसा आहे त्याला इहलोकीच्या कामाचं काय, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. आपण वर जायचंच आहे, मग खाली कशाला राबा? आयुष्यभराचं काम झालेलं, पोटची मुलगी पुढे गेलेली, अशा वेळी रमाबाईंनी लेखणी ठेवली असती तर त्यांना कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी उलट घाई केली. शेवटची मुद्रितं तपासायची राहिली होती आणि शरीर साथ देईना. केडगावची जुनी माणसं सांगत की त्यांनी प्रभूकडे आणखी दहा दिवस मागून घेतले. दहा दिवसांत मुद्रितं हातावेगळी झाली आणि ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे त्या झोपेतच गेल्या. आमच्या घरी ही गोष्ट शंभरदा सांगून झाली असेल. मला त्यात सगळ्यात मोठी वाटते ती मागणी. दुखणं बरं कर असं त्यांनी मागितलं नाही, मुलगी परत दे असंही नाही. मुद्रितं तपासण्यापुरते दिवस मागितले. संपूर्ण शास्त्र १९२४ मध्ये छापून झालं, तेव्हा त्या नव्हत्या.

पणजी तोवर लग्न होऊन नगर जिल्ह्यात आली होती. पणजोबा मिशनच्या शाळेचे मास्तर, जन्म महारवाड्यातला. गावच्या विहिरीवर त्यांना पाणी शेंदता येत नसे. कुणी वरून ओतलं तरच मिळायचं. ख्रिस्ती झाल्याने विहीर खुली झाली नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आमच्या माणसांनी धर्म कशासाठी बदलला याचे हिशेब बाहेरून फार जणांनी मांडले. पणजोबा म्हणत की देवाच्या पुस्तकात आपलं नाव आहे आणि ते पाटलाला खोडता येत नाही, हे कळलं त्या दिवसापासून मी ताठ चाललो. सार्वकालिक जीवन त्यांच्यासाठी मेल्यानंतर सुरू होणारी गोष्ट नव्हती. ते ताठ चालणं त्याच जीवनातलं होतं.

पणजी बायबलबाई झाली. बगलेत पिशवी, पिशवीत शुभवर्तमानाच्या दोन-चार प्रती आणि एक पाटी. पण बायका रिकाम्या कधी असतात? सकाळी दळण, दुपारी शेत, संध्याकाळी चूल. म्हणून ती त्यांच्याबरोबर खुरपायला बसायची. स्वतः एक पात धरायची. खुरपं चालवत चालवत येशूने विहिरीवर शोमरोनी बाईकडे पाणी मागितलं ती गोष्ट सांगायची. पात संपली की गोष्ट तिथेच सोडायची, उरलेली उद्या. मजुरी ती घेत नसे. गोष्ट ऐकायची नसेल तर ती नुसती खुरपायची. काही रानांत तिने हंगामभर नुसतं खुरपलं. कुणी अक्षरं शिकायला तयार झाली की बांधावर पाटी निघायची.

१९१८ मध्ये मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ आली. एकेका घरात सगळी अंथरुणाला खिळलेली, चूल पेटवायला माणूस उरला नाही. ज्या आळीत पणजीला उंबरठ्याच्या आत कुणी घेत नव्हतं, त्या आळीच्या दारांशी ती पेजेचं भांडं ठेवायची, लांब उभी राहून हाक मारायची. काही घरांनी तिच्या हातची पेज घेतली नाही. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवायची. तिसऱ्या दिवशी एका घरातून भांडं रिकामं परत आलं, घासून. त्या घरातलं कुणीही पुढे ख्रिस्ती झालं नाही. पण त्या घरच्या सुनेने पणजीकडून अक्षर घेतलं आणि पणजी गेली तेव्हा ती कबरस्तानापर्यंत चालत आली, हे आत्याने स्वतः पाहिलं होतं.

आज आमच्यात सुवार्ता सांगण्याची जी घाई दिसते तिचं मला वाईट वाटतं. सभेत माईकवरून विचारतात, आज रात्री मेलास तर कुठे जाशील? हात वर करा, नावं लिहून घ्या, आकडा कळवा. अनंतकाळाची भीती घालून माणूस एका रात्रीत वळवता येतो असं त्यांना वाटत असावं. माझ्या वडीलधाऱ्यांना अनंतकाळ इतका खरा होता की त्यांना घाईच नव्हती. घाई होती ती मुद्रितं तपासायची, पेज पोचवायची. समोरच्याच्या मनाचं काय करायचं ते त्यांनी देवावर सोडलं होतं. विश्वास सांगायचा म्हणजे त्या माणसाजवळ राहायचं, तो हो म्हणो वा न म्हणो. पात धरायची. मला हीच रीत खरी वाटते आणि ती आम्ही सोडून चाललो आहोत याची काळजी वाटते.

पणजोबांच्या तोंडी गॉर्डन हॉलची गोष्ट असायची. अमेरिकन मराठी मिशनचे हे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईला उतरले. तेरा वर्षं मराठीत बोलले, लिहिलं, नव्या कराराच्या भाषांतराला हात लावला. मार्च १८२६ मध्ये नाशिककडे फिरतीवर असताना पटकीची साथ लागली. जवळचं औषध त्यांनी आजाऱ्यांना वाटून टाकलं आणि परतीच्या वाटेवर त्यांनाच पटकीने गाठलं. एका देवळाच्या ओसरीवर त्यांचा प्राण गेला. मागे मोठी मंडळी म्हणावी अशी काही नव्हती. पणजोबा ही गोष्ट शाळेतल्या मुलांना सांगत आणि मग विचारत, हा माणूस हरला का? उत्तर ते कधीच देत नसत.

आणि टिळक. कवी नारायण वामन टिळकांना आमच्या घरात सगळे 'आपले टिळक' म्हणत. आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला, हा प्रसंग तर पोरांना तोंडपाठ. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. त्या ख्रिस्ती झाल्या त्या पाच वर्षांनी, १९०० मध्ये, स्वतःच्या पायांनी चालत, आणि तेवढा वेळ टिळकांनी वाट पाहिली. कृष्णराव सांगळ्यांनी नगरला एकतारी-टाळांवर ख्रिस्ती कीर्तन उभं केलं होतंच. टिळकांच्या भजनांनी आमच्या उपासनेला घरची चाल दिली. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्याला ख्रिस्तभक्तांचा 'देवाचा दरबार' मांडला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते गेले.

'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं. येशूचं सगळं चरित्र मराठी महाकाव्यात आणायचं त्यांच्या मनात होतं, पण थोडेच अध्याय हातून झाले. उरलेले लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्यांना लग्नानंतर नवऱ्याने अक्षरं शिकवली त्या बाईंनी! मुलांची, नातवंडांची, संसाराची धावपळ, त्यातच 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र आणि त्यातच हे. १९३६ मध्ये त्याही गेल्या. 'ख्रिस्तायन' छापून आलं ते १९३८ मध्ये.

आमच्या मंडळीत रविवारच्या शाळेतल्या मुलांना मी हे सांगितलं तेव्हा एका मुलीने हात वर केला. पुस्तक छापलेलं त्या दोघांनाही बघायला मिळालंच नाही का, तिने विचारलं. मागच्या बाकावरचा मुलगा लगेच म्हणाला, बघितलं असणार की, वरून. दुसरा म्हणाला, वर गेल्यावर पुस्तकं कशाला लागतात? मग तिथे पुस्तकं असतात की नसतात यावर जुंपली. घंटा झाली तरी थांबेनात. मी त्यांना मध्येच तोडलं नाही, बाहेर पालक ताटकळत उभे होते तरी.