कागद अडकला आणि...

सातारा-सांगलीच्या शाळांत कॉम्प्युटर आले, पण पोरांना शिकवतो काय? कुठलं बटण दाबायचं! बातमीसाठी शाळेत गेलो की मी ही गोष्ट सांगतो.

1980 च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीत नव्या प्रिंटरमध्ये कागद अडकायचा. अडकला की सगळ्यांना कळावं, अशी सोय रिचर्ड स्टॉलमनला करायची होती. त्यासाठी मूळ कोड मागितला, नकार. शेजारच्या काकूंनी भडंग द्यावा, कृती लपवावी, तसं! (इथं सांगलीची पोरं हसतात.) गडी चिडला. 1983 साली त्यानं ‘जीएनयू’ जाहीर केलं: वापरा, बघा, बदला, वाटा. 1991 मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्सचा गाभा लिहिला. तोच आज तुमच्या अँड्रॉइड मोबाइलच्या पोटात आहे.

मग शाळेत चोरीचं विंडोज कशाला? पालकांनो, पुढच्या बैठकीत विचारा.